घंटा, घड्याळ आणि समुद्राचं हवामान: रविवारच्या रेडिओ फोरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बीबीसीच्या रेडिओ फोर या केंद्रावर रविवारी काय काय लागतं याची अर्ध्या पानाची यादी दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं काही म्हटलं नसेल तिथे वेळ ब्रिटनची समजावी.

प्रश्न: गाणी जवळजवळ नाहीतच, नुसती बोलणी. मग दिवसभर लावतात तरी काय? यादी वाचून अंदाज आला नाही.

यादीत नावंच नावं होती, म्हणून तसं झालं असावं. दिवसाचा क्रम असा आहे. पहाटे पावणेसहाच्या सुमारास एखाद्या चर्चच्या घंटा वाजतात. ६:३५ला शेतीचा कार्यक्रम, ७:१०ला धर्मविषयक बातम्या. ७:५४ला एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी मदतीचं आवाहन, जेमतेम तीन मिनिटांचं. साप्ताहिक आवाहनाची ही पद्धत १९२६ पासूनची. ८:१०ला प्रार्थनासभा, ८:४८ला दहा मिनिटांचा वैचारिक लेख लेखकाच्याच आवाजात, ८:५८ला दीड मिनिट एका पक्ष्याचा आवाज आणि त्याची माहिती. ९ वाजता 'ब्रॉडकास्टिंग हाउस' या कार्यक्रमात आठवड्याच्या बातम्यांवर गप्पा. दहानंतरचा दुपारपर्यंतचा मोठा पट्टा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा मुलाखतीचा कार्यक्रम आणि 'द आर्चर्स' ही एका खेड्याची मालिका वाटून घेतात. १ला बातम्या, २ला बागकाम, मग नाटक, पुस्तकं, कविता. संध्याकाळी ५:५४ला समुद्राचं हवामान, ७ला पुन्हा 'आर्चर्स', १०ला राजकारण, आणि मध्यरात्रीनंतर ००:४८ला परत समुद्राचं हवामान.

आमचं मत विचाराल तर यातला एखादाच कार्यक्रम उचलून ऐकू नका. एका रविवारी निदान तीन तास सलग लावून ठेवा. प्रार्थनेनंतर लेख, लेखानंतर पक्षी, पक्ष्यानंतर बातम्या, ही जी वळणं आहेत त्यांत या केंद्राचा खरा जीव आहे. सुटे तुकडे ऐकले की तो हाताला लागत नाही.

वेळापत्रक अधूनमधून सरकतं, तेव्हा ऐकायच्या दिवशी एकदा तपासून घ्यावं.

प्रश्न: भारतातून ऐकताना कधी कार्यक्रम बरोबर सापडतो, कधी तासाभराने चुकतो. आमचं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, तिकडचं घड्याळ हलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन आपल्या साडेचार तास मागे असतो, उरलेल्या काळात साडेपाच तास. म्हणजे ९चा कार्यक्रम उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी १:३०ला आणि हिवाळ्यात २:३०ला. दुपारच्या १च्या बातम्या संध्याकाळी ५:३० किंवा ६:३०ला. रविवारी रात्रीचं ००:४८चं समुद्राचं हवामान आपल्याकडे सोमवार उजाडल्यावर येतं: ५:१८ किंवा ६:१८.

घड्याळ बदलतं तेही रविवारीच, ग्रीनिच वेळेनुसार पहाटे १ वाजता. मार्चमध्ये १चे एकदम २ होतात. ऑक्टोबरमध्ये उन्हाळी वेळेचे २ वाजले की काटा परत १वर येतो. अशा रात्री वेळापत्रकातून एक तास गायब होतो किंवा एक तास वाढतो. तरी रेडिओ फोरवर गोंधळ होत नाही, कारण रात्री १ वाजता हे केंद्र बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिस या जगभरासाठीच्या सेवेला जोडलं जातं आणि वर्ल्ड सर्व्हिस वर्षभर ग्रीनिच वेळेवरच चालते. कमीजास्त झालेला तास त्या जोडणीतच जिरतो. पहाटे रेडिओ फोर स्वतः सुरू होतं तेव्हा नव्या वेळेचं घड्याळ आधीच लागलेलं असतं.

ऐकायचं कुठे, हेही पुष्कळांनी विचारलं आहे. बीबीसी साउंड्स हे ॲप जुलै २०२५ पासून ब्रिटनबाहेर बंद झालं. रेडिओ फोर मात्र बीबीसीच्या मुख्य संकेतस्थळावर आणि बीबीसीच्या ॲपवर थेट ऐकता येतं. डेटा किती जातो? प्रवाह ९६ किलोबिटचा असेल तर तासाला सुमारे ४३ एमबी.

प्रश्न: पहाटेच्या घंटा ऐकल्या. चाल अशी काही लागतच नाही, नुसता गडगडाट वाटतो. आणि निवेदक आधी वजनं कसली सांगतो?

चाल नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. इंग्लंडच्या चर्चमध्ये घंटा मोठ्या चाकावर बसवतात आणि वाजवण्याआधी तोंड वर करून उभी करतात. दोर ओढला की घंटा जवळजवळ पूर्ण गिरकी घेते, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. एवढं वजन मध्येच थांबवता येत नाही. वाजवणाऱ्याच्या हातात एवढंच असतं की पुढची गिरकी किंचित लवकर घ्यायची किंवा किंचित रोखून धरायची. सगळ्या घंटा एकेकदा वाजल्या की एक ओळ होते. त्यामुळे एका ओळीतून पुढच्या ओळीत जाताना कोणतीही घंटा फार तर शेजारच्या घंटेशी जागा बदलू शकते. दोन घरं उडी मारणं तिला शक्य नाही. म्हणून गाण्याची चाल वाजवत नाहीत, क्रम बदलत जातात.

चार घंटा घेऊ. १ सर्वांत बारीक आवाजाची, ४ सर्वांत जाड. हे क्रम मोठ्याने म्हणून पाहा:

१२३४, २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ आणि परत १२३४.

यात १ नंबरची घंटा एकेक घर मागे सरकत टोकाला जाते, तिथे दोनदा वाजते आणि तशीच परत पुढे येते. बाकीच्याही तशाच फिरतात. ऐकताना आधी फक्त सर्वांत बारीक घंटेवर कान ठेवा. ती ओळीत कुठे आली एवढं कळायला लागलं की गडगडाट उरत नाही. हे साधायला दोन-तीन रविवार लागतील, घाई करू नका.

सहा घंटांचे एकूण ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२०. सातांचे सगळे क्रम एकही पुन्हा न वाजवता पुरे करायला तीन तासांच्या आसपास लागतात. आठांचे सगळे क्रम १९६३ साली इंग्लंडमधल्या लफबरोमध्ये वाजवले गेले, त्याला अठरा तासांना थोडा कमी वेळ लागला. रेडिओवर आपल्याला मिळतो तो यातला दोन मिनिटांचा घास.

निवेदक सांगतो ते सर्वांत जड घंटेचं, म्हणजे टेनरचं, वजन आणि तिचा स्वर. वजन हंड्रेडवेटमध्ये असतं. एक हंड्रेडवेट म्हणजे शंभर पौंड नव्हे, ११२ पौंड, सुमारे ५०.८ किलो. टेनर वीस हंड्रेडवेटची असेल तर ती एक टनाहून किंचित जास्त भरते. शेवटी 'ट्रिपल्स', 'मेजर' असे शब्द येतात ते घंटांच्या संख्येचे: पाच घंटा जागा बदलत असतील तर डबल्स, सहा मायनर, सात ट्रिपल्स, आठ मेजर. ट्रिपल्समध्ये बहुधा आठवी, सर्वांत जड घंटा प्रत्येक ओळीच्या शेवटी जागच्या जागी वाजत राहते. नवख्या कानाला हा मोठा आधार असतो, कारण ओळ कुठे संपली ते ती सांगते.

प्रश्न: तासाला वाजणाऱ्या 'पिप्स'वरून घड्याळ लावलं. फोनवरच्या वेळेशी ताळमेळ बसत नाही, जवळपास अर्ध्या मिनिटाचा फरक पडतो. चूक कोणाची?

चूक इंटरनेटच्या वाटेची. पिप्स म्हणजे तास झाल्याचं सांगणारे छोटे 'पीप' आवाज, ते सहा असतात. पहिले पाच ५५, ५६, ५७, ५८ आणि ५९व्या सेकंदाला, प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग. सहावा लांब, अर्धा सेकंद. तास होतो तो सहावा पिप सुरू होतो त्या क्षणी, तो संपल्यावर नव्हे. ५ फेब्रुवारी १९२४ पासून हा संकेत प्रसारित होतो आहे. सुरुवातीला तो ग्रीनिचच्या वेधशाळेतून यायचा, १९९० पासून बीबीसी स्वतः तयार करते.

निघतो तो अचूकच, पण आपल्यापर्यंत पोचताना वाटेत रेंगाळतो. इंटरनेटवर आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि अडखळू नये म्हणून तुमचं ॲप असे दोन-तीन तुकडे जमल्यावरच वाजवायला लागतं. डिजिटल रेडिओतही आवाज आधी दाबून मग उलगडावा लागतो, तिथेही काही सेकंद जातात. एफएमवर उशीर सर्वांत कमी. एकाच घरात एफएम आणि डिजिटल संच लावले तर पिप्स दोनदा ऐकू येतात ते यामुळेच. ॲपवरच्या पिप्सवर घड्याळ लावू नये. फोनची वेळ जास्त खरी.

रविवारी रात्री १०ला आणि मध्यरात्री पिप्सऐवजी बिग बेन या लंडनच्या मोठ्या घड्याळाचे टोले लागतात. त्यात पहिल्या टोल्याला तास धरायचा, आधीची चाल सोडून द्यायची.

प्रश्न: 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'मध्ये पाहुण्यांना नेमकं काय निवडायला सांगतात? आणि पॉडकास्टमध्ये गाणी लगेच का तोडतात?

पाहुणा निर्जन बेटावर अडकला आहे असं धरायचं. त्याला आठ ध्वनिमुद्रिका नेता येतात. बायबल आणि शेक्सपिअरचं समग्र वाङ्मय बेटावर आधीच असतं (बायबलऐवजी स्वतःच्या धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ मागता येतो). शिवाय आवडीचं एक पुस्तक आणि चैनीची एक वस्तू. ही वस्तू निर्जीव हवी. तिच्या मदतीने सुटका करून घेता येईल किंवा बाहेर निरोप पाठवता येईल अशी नको. शेवटी विचारतात, लाटा आल्या आणि आठांतली एकच वाचवता आली तर कोणती?

कार्यक्रम २९ जानेवारी १९४२ला सुरू झाला. कल्पना आणि सूत्रसंचालन रॉय प्लमली यांचं, पहिला पाहुणा विनोदी कलाकार व्हिक ऑलिव्हर. सूत्रसंचालक आजवर मोजकेच झाले: प्लमली, मायकेल पार्किन्सन, स्यू लॉली, कर्स्टी यंग आणि २०१८ पासून लॉरेन लव्हर्न. सुरुवातीची धून एरिक कोट्स यांची, त्यावर समुद्रपक्ष्यांचे आवाज.

गाणी तोडण्याचं कारण हक्कांचं आहे. प्रसारणासाठी आणि डाउनलोडसाठी संगीताचे परवाने वेगवेगळे असतात, म्हणून पॉडकास्टमध्ये गाणं छोटं होतं. शक्य असेल तेव्हा मूळ प्रसारणच ऐका. आधी कारण सांगायचं, मग गाणं लागायचं, मग क्षणभर थांबून पुढचा प्रश्न, अशी त्याची बांधणी आहे. गाणं कापलं की पाहुण्याला आणि आपल्याला मिळणारी ती विसाव्याची जागाच जाते, आणि मुलाखतीतली सर्वांत मोकळी वाक्यं बहुतेक वेळा त्या जागेनंतरच येतात.

प्रश्न: 'द आर्चर्स' १९५१ पासून चालू आहे म्हणता. मग आता मध्येच शिरायचं कसं?

शिरायचं रविवारच्या एकत्रित भागातूनच. आठवड्याचे सुमारे तेरा मिनिटांचे भाग त्यात सलग मिळतात, त्यामुळे एका बैठकीत एकच आवाज चार-पाच वेळा कानावर पडतो. मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होऊ लागली. अँब्रिज हे तिच्यातलं गाव काल्पनिक, बॉर्सेटशायर हा परगणाही काल्पनिक. युद्धानंतर अन्नधान्याची टंचाई होती, तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेतीची माहिती गोष्टीतून पोचवायची, हा मूळ हेतू.

नवा श्रोता अडतो तो एकाच ठिकाणी: निवेदक नाही. कोण कुठे उभं आहे हे कोणी सांगत नाही. तेव्हा पात्रांची वंशावळ पाठ करत बसू नका, जागा ओळखायला शिका. पाठीमागे भांडी आणि खुर्च्या म्हणजे स्वयंपाकघर, गुणगुण आणि ग्लास म्हणजे पब, वारा आणि मेंढ्या म्हणजे रान. यातले बरेच आवाज स्टुडिओत हाताने करतात. शेताचं लोखंडी फाटक उघडल्याचा जो करकर आवाज येतो, तो वर्षानुवर्षं इस्त्रीच्या घडीच्या टेबलाचा होता. मालिकेतला महिना बाहेरच्या महिन्याबरोबर चालतो: वसंतात मेंढ्या वितात, उन्हाळा सरताना कापणी होते. चार रविवारांत सात-आठ आवाज ओळखीचे होतात, तेवढे पुरतात.

प्रश्न: 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम'मधले सल्ले आपल्या बागेला चालतील का?

जसेच्या तसे नाही. माती, कलम, कीड ओळखण्याची रीत हे चालेल. पेरणीचे महिने आणि 'भरपूर ऊन' हे शब्द चालणार नाहीत, तिथलं भरपूर ऊन आपल्याकडच्या हिवाळी सकाळीइतकं धरा. कार्यक्रम १९४७ पासून आहे. गावोगावच्या सभागृहांत श्रोते प्रश्न विचारतात आणि तज्ज्ञांना ते आधी दाखवलेले नसतात. तीन तज्ज्ञ एकमेकांना खोडून काढतात तो भाग जास्त शिकवून जातो.

प्रश्न: समुद्राच्या हवामानातलं एक अक्षर कळत नाही, तरी ऐकत राहावंसं वाटतं. जरा फोड करून सांगाल?

आनंदाने. याच्यावर पानभर लिहायची आमची कधीपासूनची इच्छा होती. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ विभाग केलेले आहेत. वाचन उत्तरेला नॉर्वेच्या बाजूच्या व्हायकिंगपासून सुरू होतं, घड्याळाच्या काट्याप्रमाणे बेटांना फेरी घालतं आणि साउथईस्ट आइसलंडवर संपतं. क्रम कधीच बदलत नाही. ट्रफॅल्गर हा विभाग एरवी सहसा गाळतात, ००:४८च्या वाचनात मात्र तो नेहमी असतो. फिट्झरॉय हे नाव २००२ साली आलं, त्याआधी त्या विभागाला फिनिस्टेअर म्हणत. मजकूर हवामान खात्याचा, शब्दमर्यादा साधारण ३५०, ००:४८ला थोडी जास्त. शब्द इतके मोजून मिळतात म्हणून 'वारा', 'लाटा', 'दृश्यता' हे शब्दच वगळलेले असतात. उरते ती फक्त जागा. समजा असं वाचलं:

'डॉगर, फिशर. साउथवेस्टर्ली फाइव्ह टु सेव्हन, व्हिअरिंग वेस्टर्ली फोर ऑर फाइव्ह लेटर. मॉडरेट ऑर रफ. शॉवर्स. गुड, ऑकेजनली मॉडरेट.'

पहिलं वाक्य वाऱ्याचं. नैर्ऋत्येकडून, वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर ५ ते ७, म्हणजे १७ ते ३३ नॉट (तासाला तितके सागरी मैल). 'व्हिअरिंग' म्हणजे दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे बदलणं. उलट बदलली तर 'बॅकिंग'. 'लेटर' हा शब्द मोघम वाटतो, पण त्याचा अर्थ ठरलेला आहे: १२ ते २४ तासांत. 'सून' म्हणजे ६ ते १२ तासांत, आणि वादळी इशाऱ्यात 'इमिनंट' म्हणजे ६ तासांच्या आत. दुसरं वाक्य लाटांचं: मॉडरेट म्हणजे सव्वा ते अडीच मीटर, रफ म्हणजे अडीच ते चार मीटर. तिसरं हवेचं, सरी. चौथं दृश्यतेचं: गुड म्हणजे पाच सागरी मैलांच्या पलीकडचं दिसतं, मॉडरेट म्हणजे दोन ते पाच मैल, पुअर म्हणजे एक हजार मीटर ते दोन मैल, व्हेरी पुअर म्हणजे हजार मीटरच्या आत.

पुष्कळ जण फसतात ते इथेच. 'गुड' ऐकून त्यांना वाटतं हवा छान आहे. वारा ९चा असतानाही शेवटी 'गुड' येऊ शकतं, कारण ते फक्त किती लांबचं दिसतं एवढंच सांगतं. आणि वरच्या उदाहरणात 'मॉडरेट' दोनदा आलं आहे, एकदा लाटांसाठी, एकदा दृश्यतेसाठी. वाक्याची जागा चुकली की अर्थ चुकला. गेल फोर्स एट, म्हणजे ८ आणि त्यावरचा वारा असला, तर त्या विभागांची नावं सुरुवातीलाच सांगतात, जेणेकरून नाविकाला थांबून राहावं लागू नये.

सरावासाठी विभागांचा नकाशा समोर ठेवा, पेन्सिल घ्या आणि एकाच विभागाचं लिहून काढा. पहिल्याच दिवशी ३१ लिहायला गेलात तर पाचव्यालाच हात सोडाल.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या रेडिओवर असाच एक विविधरंगी रविवार करून पाहायचा आहे. दर वेळी शेवटचा कार्यक्रम बातम्यांवर आदळतो. उपाय?

सुरुवातीकडून मोजता म्हणून आदळतो. शेवटाकडून मोजा. समजा ९:००:००ला बातम्या आहेत आणि त्याआधी पिप्ससारखा संकेत, तर तो ८:५९:५५ला सुरू होणार. एक सेकंद शांतता ठेवा. म्हणजे निवेदकाचं शेवटचं अक्षर ८:५९:५४ला संपलं पाहिजे. निवेदन २० सेकंदांचं असेल तर ते ८:५९:३४ला सुरू. त्याआधी ९० सेकंदांचा छोटा कार्यक्रम, तर तो ८:५८:०४ला. त्याआधीच्या थेट कार्यक्रमाने ८:५८:०४च्या आत जागा सोडलीच पाहिजे. ही वजाबाकी कागदावर करून सूत्रसंचालकाच्या समोर चिकटवा.

वजाबाकी साध्या कॅल्क्युलेटरवर करू नका. ४८ मिनिटांतून २ मिनिटं ४० सेकंद वजा केले तर ४५ मिनिटं २० सेकंद उरतात, कॅल्क्युलेटरवर ४८.०० वजा २.४० केलंत तर ४५.६० येतं आणि कार्यक्रम फसतो.

हेच आकडे संगीतालाही लागू आहेत. ००:४८च्या समुद्राच्या हवामानाआधी रेडिओ फोर रॉनल्ड बिंज यांची 'सेलिंग बाय' ही धून वाजवतं. आधीचा कार्यक्रम किती सेकंद लवकर संपेल हे ठाऊक नसतं, म्हणून ती भरणीला. तुम्हीही असंच करा. धून २ मिनिटं ४० सेकंदांची असेल आणि ४८:०० ठोक्याला संपायला हवी असेल, तर ती ४५:२०ला आवाज शून्यावर ठेवून सुरू करा. आधीचा बोलणारा थांबला की आवाज हळूहळू वर घ्या. तो कधीही थांबो, धून आपल्या वेळेलाच पूर्ण होते आणि मध्येच तोडावी लागत नाही.

थेट प्रार्थना किंवा व्याख्यान घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. ध्यानाच्या शांततेत वक्त्याचा माइक बंद करून टाकू नका. पूर्ण शांतता पसरली की शांतता पकडणारं यंत्र बिघाड झाला असं समजून राखीव ध्वनिफीत लावतं, आणि श्रोताही केंद्र बंद पडलं समजून निघून जातो. सभागृहाचा एक माइक हलका उघडा ठेवा. खोकला, बाकाची करकर, पंख्याची घरघर एवढं गेलं तरी पुरे. आणि वक्त्याला 'दोन मिनिटं राहिली' असं बोलून सांगू नका, मोठ्या अक्षरातलं कार्ड दाखवा: ५, २, १ आणि ३० सेकंदांचं एक.